मिनिटरावांचा दुसरा अंक

मिनिटरावांना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारी डेपोत आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हजेरीचं मस्टर. बाकी ड्रायव्हर, कंडक्टर, फिटर, अगदी गेटवरचा वॉचमनसुद्धा त्यांना मिनिटरावच म्हणायचा. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणाला सांगता आलं नसतं, पण का ठेवलं हे विचारायची वेळही कुणावर आली नाही. शहरातल्या दोनशे दहा बसगाड्यांनी किती वाजता सुटायचं, कुठे किती थांबायचं आणि किती वाजता परत यायचं, हे ठरवणारा माणूस तो. 'पावणेनऊ' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. "पावणेनऊ म्हणजे नक्की किती? आठ त्रेचाळीस की आठ सत्तेचाळीस?" असं ते बायकोलाही विचारायचे. ती म्हणायची, "जेवण गरम असेल तेव्हा."

त्यांची खोली वर्कशॉपच्या डोक्यावर होती. लांबट, एका बाजूला सगळ्या खिडक्या, आणि खालून दिवसभर हवेचा पंप फुसफुसत असायचा. समोरच्या भिंतीवर एक लांबच लांब कागद चिकटवलेला. त्यावर प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी पुढे जाते तशी रेघ वर चढते, परत येते तशी उतरते, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असते तेवढा वेळ रेघ आडवी होते. नवीन आलेले हुशार अधिकारी दर वर्षी या आडव्या रेघा खोडायला यायचे. एवढा वेळ गाडी नुसती उभी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मिनिटराव खुर्चीतून उठायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि शांतपणे सांगायचे, "साहेब, चाकामागे माणूस बसलेला असतो. त्याला चार मिनिटं पाठ सरळ करू द्या, नाहीतर तो तुमची गाडी दुकानात घालेल." आजवर एकही आडवी रेघ त्यांनी खोडू दिली नव्हती.

असा हा माणूस नाटकं लिहायचा. आता याचं कुणाला नवल वाटलं तर वाटो, पण डेपोचं नाट्यमंडळ बावीस वर्षं त्यांच्याच जिवावर चाललं होतं. दर वर्षी डेपोच्या स्नेहसंमेलनाला दुपारच्या वेळी एक नवीन दोन अंकी नाटक व्हायचं आणि ते मिनिटरावांचं असायचं. पहिला अंक लोक आवडीनं बघायचे, हसायचे, टाळ्या द्यायचे. दुसऱ्या अंकाला उठायचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही, शिट्ट्या नाहीत. आधी मागच्या रांगेतले दोघं, मग मधल्या रांगेतली एक बाई मुलाला घेऊन, मग एकेक करून पुष्कळजण चहाला निघून जायचे. पडदा पडताना समोर उरायचे ते कलाकारांचे नातेवाईक. दर वर्षी मिनिटराव विंगेतून खुर्च्या रिकाम्या होताना बघायचे आणि घरी जाताना बायकोला म्हणायचे, "या वर्षी उकाडा फार होता." पुढच्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. म्हणजे हे नाटक शेवटचं. मरण्याआधी हिमालय बघावा, परदेशात जावं, अशा इच्छा त्यांना नव्हत्या. आपल्या एका नाटकाच्या दुसऱ्या अंकाला लोकांनी बसून राहावं, एवढंच हवं होतं.

मंडळाचं नाटक बसवायच्या एक बाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. लेखकानं नाटक मोठ्यानं वाचून दाखवायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि शेवटी बाई फक्त एक प्रश्न विचारणार, अशी त्यांची रीत. मिनिटरावांनी नवीन नाटक वाचलं. एक माणूस आहे, त्याची दूरच्या गावी बदली झाली आहे. घरी तो सांगतो की वरून ऑर्डर आली. खरं म्हणजे अर्ज त्यानंच केलेला असतो. पहिला अंक इथं संपतो. दुसऱ्या अंकात अकरा पानं नुसतं बोलणं. बायको बोलते, तो बोलतो, मेहुणा येतो तोही बोलतो, आणि ज्याची गरज पडेल तो माणूस त्याच क्षणी दारात हजर.

वाचन संपलं. बाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"हा बायकोला खरं का सांगत नाही?"

"म्हणजे... ते पुढे येतं ना, पान चौतीसवर. तो मेहुण्याला म्हणतो की माझ्या मनाची कुचंबणा..."

"मेहुण्याला काय म्हणतो ते ऐकलं मी. सांगत का नाही, ते तुम्हाला माहीत आहे का?"

मिनिटरावांनी पान चौतीस पुन्हा उघडलं. मुख्य भूमिका करणारा ड्रायव्हर कोपऱ्यात बसला होता. मंडळातला तो सगळ्यात जुना नट, तोंडानं फटकळ. तो म्हणाला, "मिनिटराव, राग मानू नका. रस्त्यावर तुम्ही आम्हाला चार मिनिटं पाठ सरळ करायला देता. इथं तर गिळायलासुद्धा फुरसत नाही. एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याचं तयारच!"

सगळे हसले. मिनिटराव हसले नाहीत, कारण त्यांना ते लागलं होतं.

"शेवटचं नाटक कधी बघितलंत?" बाईंनी विचारलं.

"परवाच. मोबाइलवर."

"ते नाही. खुर्चीत बसून. समोर माणसं."

मिनिटरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. अकरा वर्षं.

"शिकवणाऱ्यानं वाचन सोडलं की काय होतं ते मी स्टाफरूममध्ये तीस वर्षं बघितलंय," बाई म्हणाल्या. "तीन नाटकं बघायची. थिएटरात जाऊन. फाडलेली तिकिटं मला आणून दाखवायची. आणि वीस तारखेपर्यंत दुसरा अंक नवीन लिहून आणायचा. नाही जमलं तर माझ्याकडे एक छापील फार्स तयार आहे, तो बसवते. माझाही जीव आता रिकाम्या खुर्च्यांसमोर रमत नाही."

"पण मला वेळ कुठे असतो, बाई? रविवारी पण ड्युटी..."

हे वाक्य मिनिटराव इतकी वर्षं म्हणत आले होते की ते आपोआप बाहेर पडायचं. आता यातली खरी गोष्ट सांगून टाकायला हवी. डेपोच्या कचेरीत रविवारी एक माणूस लागायचा, कुठे गाडी बंद पडली तर वेळा फिरवायला. पाच जणांनी आळीपाळीनं यायचं. कुणी कधी यायचं ती यादी करायचे मिनिटराव. आणि अकरा वर्षं प्रत्येक रविवारी ते तिथं स्वतःचंच नाव लिहीत होते. सुरुवात साधी होती. घर दोन खोल्यांचं, मुलीची परीक्षा, बायकोचे माहेरचे पाहुणे. कचेरीत मात्र रविवारी चिटपाखरू नसायचं. एक टेबल, खिडकीतून ऊन, आणि सलग सहा तास लिहायला. नंतर मुलगी लग्न होऊन गेली, पाहुणे कमी झाले, घर शांत झालं, तरी नाव तसंच राहिलं. घरी सांगितलेलं असायचं, "वरून लावतात गं, काय करणार?"

बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. दिवसभर कानात माणसं, एकाचाही चेहरा दिसायचा नाही. त्यामुळे असेल, पण रविवारी दुपारी नाटकाला जाऊन माणसं डोळ्यांनी बघायची तिला विलक्षण हौस. पहिलं वर्षभर ती दोन तिकिटं काढायची आणि एक शेवटच्या क्षणी कुणाला तरी देऊन टाकायची. मग एकच काढायला लागली. कधी तक्रार केली नाही. उलट रात्री जेवताना नाटकाची गोष्ट सांगायची, आणि मिनिटराव "हं, हं" करत मनात आपला संवाद जुळवत बसायचे. माणूस वाईट नव्हता. पण लिहिणारी माणसं स्वतःला फार गोष्टी माफ करतात, त्यातला हा एक.

त्या संध्याकाळी ते घरी येऊन म्हणाले, "पुढचे तीन रविवार मोकळे आहेत. तुझ्याबरोबर नाटकाला येतो."

बायकोच्या हातातला चमचा तसाच राहिला. "सुट्टी दिली? तीन-तीन?"

"दिली."

"अगंबाई! कुणाला पाघळवलंत?"

मिनिटरावांना ठसका लागला. तिनं पाण्याचा पेला पुढे केला, आणि ती इतकी खूश दिसत होती की त्यांना ते पाणीही नीट गिळता येईना.

पहिल्या रविवारी चारचा प्रयोग होता. मिनिटरावांनी जायचं नियोजन केलं. तीन सोळाची गाडी, सत्तावीस मिनिटांचा प्रवास, तीन त्रेचाळीसला उतरायचं, सहा मिनिटं चालायचं, तीन एकोणपन्नासला दारात. बायको म्हणाली की एक गाडी आधीची घेऊ. मिनिटराव दुखावले. "ही गाडी मी बसवलेली आहे," ते म्हणाले. मग काय, तीन सोळाची गाडी आली तीन तेहतीसला. पुढे बाजारातल्या चौकात एक टेम्पो आडवा लागलेला. मिनिटराव घड्याळाकडे बघत राहिले आणि बायको खिडकीबाहेर. थिएटरच्या पायऱ्या धापा टाकत चढले तेव्हा तिसरी घंटा होऊन बारा मिनिटं झाली होती.

दारावरचा माणूस सभ्य होता, पण जागचा हलेना. "पडदा उघडल्यावर आत सोडत नाही, काका. नटांचं लक्ष जातं. आणि या नाटकाला मध्यंतर पण नाही."

"गाडी उशिरा आली हो," बायको म्हणाली.

"वेळापत्रकावर विसंबू नका, मावशी," तो आपुलकीनं म्हणाला. "ते बनवणारे लोक कधी बसमधून फिरत नाहीत."

बायकोनं मिनिटरावांकडे बघितलं. मिनिटराव भिंतीवरची जाहिरात वाचण्यात अगदी गढून गेले होते. मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी. आतूनही तेव्हाच तीन-चारशे माणसांचा हशा ऐकू आला, बंद दारातून, घुमत. मिनिटराव कान देऊन उभे राहिले. थोड्या वेळानं हशा परत आला. आत काय चाललं असेल? कुणी काय केलं असेल? अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना दाराच्या पलीकडे असायची भूक लागली.

बाईंनी ती न फाडलेली तिकिटं बघितली आणि परत दिली. "ही धरत नाही," म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी मिनिटराव सव्वादोनलाच थिएटरच्या दारात हजर. जागा सहाव्या रांगेत. खिशात वही, पेन आणि मनगटावर अंधारात दिसणारं घड्याळ. पडदा उघडला तसे ते कामाला लागले. पहिलं वाक्य चाळीस सेकंदांनी. दुसरं पात्र चौथ्या मिनिटाला. पहिला हशा साडेसातव्या मिनिटाला. पंधरा मिनिटं बायकोनं कळ काढली. मग तिनं त्यांच्या मांडीवरची वही अलगद उचलली, मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि दोन्ही पर्समध्ये टाकून चेन ओढली. "तिकडे बघा," ती पुटपुटली.

तिकडे एक म्हातारा एकटा होता. त्याची मुलगी बऱ्याच वर्षांनी भेटायला येणार होती आणि त्याच्या कोटाचं बटण तुटलं होतं. तो सुईत दोरा ओवायला बसला. दोरा ओठांत ओला केला, सुई दिव्याकडे धरली, गेला नाही. चष्मा बदलला. गेला नाही. बाहेर पावलं वाजली, तो दचकला, पावलं पुढे निघून गेली. पुन्हा दोरा ओला केला. एक शब्द नाही, संगीत नाही. मिनिटरावांनी मोबाइलवर अशी जागा आली की बोट लावून पुढे ढकलायची सवय लावून घेतली होती. इथं बोट लावायला काही नव्हतं. त्यांच्या पुढचा धिप्पाड गृहस्थ हळूहळू खुर्चीच्या टोकाला आला. शेजारच्या मुलीनं कुरकुरणारी पिशवी हातात घट्ट धरून ठेवली. स्वतः मिनिटराव आपल्याच दोन बोटांत नसलेला दोरा धरून बसले होते. आणि मग तो दोरा गेला. चारशे माणसांनी एकदम श्वास सोडला, आणि तो श्वास मिनिटरावांना मानेवर जाणवला.

यात किती वेळ गेला? त्यांना सांगता आलं नाही. दोन मिनिटं असतील, सहा असतील. त्यांनी आपल्या नाटकात या जागी कंसात लिहिलं असतं, 'बटण लावतो.' आणि लगेच दारात मुलगी आणली असती.

बाहेर आल्यावर बायकोनं घड्याळ परत केलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि चालायला लागले. स्टॉपपाशी एकदम म्हणाले, "मुलगी आल्यावर काही झालंच नाही गं. सगळं आधीच होऊन गेलं होतं."

"मी तेच तर सांगत असते दर वेळी," ती म्हणाली. "तुम्ही ऐकता कुठे?"

तिसऱ्या रविवारचं नाटक भिकार होतं, आणि बाईंना विचाराल तर त्यानंच खरं काम केलं. पात्रं आली, बसली आणि बोलायला लागली. एकानं मन मोकळं केलं, दुसऱ्यानं मन मोकळं केलं, तिसरा नेमका त्याच वेळी दारात. दुसऱ्या अंकात बायको मिनिटरावांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. मागच्या रांगेतले दोघं उठले. मग मधल्या रांगेतली एक बाई. मिनिटराव अंधारात एकेक पाठ मोजत राहिले, आणि त्यांना कळलं की त्या लोकांचं काही चुकत नव्हतं. त्यांनाही उठावंसं वाटत होतं. बायको खांद्यावर होती म्हणून बसले, इतकंच. एवढी वर्षं त्यांनी उकाड्याला बोल लावला होता. घरी येऊन त्यांनी आपला दुसरा अंक काढला, अकरा पानं पुन्हा वाचली, आणि मधोमध फाडली.

फाडणं सोपं होतं. पुढे काय? बाईंचा प्रश्न छातीवर बसला होता. हा सांगत का नाही? वीस तारखेला आठ दिवस उरले, सहा उरले, पाच उरले. कागद कोरा.

बुधवारी संध्याकाळी बायको दोरीवरचे कपडे काढत होती. मोठी चादर एकटीला आवरेना, म्हणून तिनं हाक मारली. मिनिटराव गेले, दोन टोकं धरली. लग्नाला चौतीस वर्षं झालेली, त्यामुळे सांगावं लागत नाही. दोघं मागे सरकले, चादर ताणली, झटकली. मग जवळ आले, टोकांना टोकं जुळवली, तिनं त्यांच्या हातातली टोकं घेतली, त्यांनी खालची घडी उचलली, पुन्हा मागे. पुन्हा जवळ.

दुसऱ्या घडीला ती सहज म्हणाली, "पुढच्या रविवारी पण देतील का हो सुट्टी? विचारून बघा ना."

मिनिटराव दोन पावलांवर होते. तिच्या कपाळावरची बट दिसत होती, आणि डोळ्यांत ती आशा, जी तिनं अकरा वर्षांत कधी दाखवली नव्हती. आता सांगावं. शब्द अगदी ओठांशी आले. ती आणखी जवळ आली, टोकं घेतली, आणि मागे सरकली. पुढच्या घडीला सांगू, त्यांना वाटलं. पुढची घडी आली. चादर संपली. तिनं ती छातीशी धरून थोपटली आणि कपाटाकडे गेली.

"बघू," मिनिटराव म्हणाले, रिकामे हात तसेच समोर धरून.

त्यांना स्वतःची लाज वाटली. खरोखर वाटली. आणि त्याच वेळी डोक्याच्या एका कोपऱ्यात कुणीतरी टाळी वाजवली. ते तडक टेबलाशी गेले आणि लिहायला बसले. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

वीस तारखेला दुसरा अंक चार पानांचा झाला होता. मेहुणा गायब. मधली सव्वा पानं तर फक्त चादरीची होती. बाईंनी वाचन ऐकलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, "सांगत का नाही?"

"ती जवळ येते तेव्हा तिचा चेहरा दिसतो," मिनिटराव म्हणाले. "मग हिंमत होत नाही. आणि ती लांब गेली की वाटतं, अजून एक घडी बाकी आहे."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. मिनिटरावांनी नजर खाली घातली. "बसवते," बाई एवढंच म्हणाल्या, तिसऱ्या तिकिटाचं विचारलंही नाही.

बसवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. ड्रायव्हरला चादरीची घडी घालताच यायची नाही. स्टिअरिंग फिरवल्यासारखी तो ती गुंडाळायचा. बायकोचं काम करणारी पास खिडकीवरची कारकून त्याच्यावर वैतागायची, "अहो, टोक! टोक द्या, बोळा नका देऊ!" बाईंनी दोघांना चाळीस वेळा ती चादर घडी करायला लावली, उलगडायला लावली. ड्रायव्हर म्हणायचा, एवढ्या सरावात डेपोचं सगळं कापड धुऊन निघालं असतं. पण एके दिवशी त्याचे हात आपोआप चालायला लागले, आणि हात मोकळे झाले तसा चेहरा मोकळा झाला. विंगेतली कुजबुज त्या दिवशी बंद पडली.

बायकोला मात्र मिनिटरावांनी या वेळी नाटक वाचायला दिलं नाही. "थेट बघच," म्हणाले. ती म्हणाली, "बरं." घरी बोलायची संधी रोज येत होती आणि रोज जात होती. रविवारच्या यादीत त्यांनी आता पाचही जणांची नावं आळीपाळीनं घातली होती. सुधारणा झाली होती, कबुली राहिली होती.

संमेलनाच्या दुपारी डेपोचा हॉल गच्च भरला. लोखंडी खुर्च्या, वर गरगरणारे पंखे, मागच्या दाराशी उभे असलेले फिटर. मिनिटराव पहिल्यांदाच विंगेत न थांबता समोर बसले, बायकोशेजारी, पाचव्या रांगेत. पहिला अंक रंगला. पण तो दर वर्षी रंगायचा. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला आणि मिनिटराव सरसावून बसले.

ड्रायव्हर घरात आला. पास खिडकीवाली बाई दोरीवरून कपडे काढत होती. तिनं न बघता चादरीची दोन टोकं त्याच्याकडे केली. त्यानं धरली. दोघं मागे सरकले.

मिनिटरावांनी मागच्या रांगांकडे कान लावला. एक खुर्ची करकरली. आता उठतील. पहिली घडी झाली, दोघं जवळ आले, ड्रायव्हरनं तोंड उघडलं, आणि ती टोकं घेऊन मागे गेली. मागे कुणीतरी खोकला दाबला. दुसरी घडी. पंख्यांचा आवाज इतका मोठा कधी वाटला नव्हता. मिनिटरावांनी मान वळवून बघितलं. मागच्या दाराशी उभे असलेले फिटर भिंतीला टेकायचे सोडून सरळ झाले होते. एकही खुर्ची रिकामी नव्हती. तिसऱ्या घडीला नवरा-बायको इतके जवळ आले की एकमेकांचा श्वास लागावा. तिनं वर बघितलं. तो बघतच राहिला. बोलेना.

"अहो, सांगा ना तिला!"

आवाज पाचव्या रांगेतून आला. खणखणीत, टेलिफोन बोर्डावर कमावलेला. मिनिटरावांची बायको अर्धवट उठली होती, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. आपण मोठ्यानं बोललो हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. चार-सहा माना वळल्या, पण कुणी हसलं नाही. सगळ्यांना तेच म्हणायचं होतं. ड्रायव्हर शहाणा, त्यानं समोरच्या बाईवरची नजर हलवली नाही.

जन्मभर हवं होतं ते समोर घडत होतं, आणि मिनिटरावांना ते बघवेना. त्यांनी बायकोचा हात धरून तिला खाली बसवलं आणि तिच्या कानाशी झुकले.

"अगं, ऐक. रविवारची ड्युटी मला कुणी लावत नव्हतं. यादी मीच करायचो. अकरा वर्षं मीच माझं नाव लिहीत होतो. खोटं बोललो मी तुझ्याशी."

तिचा हात त्यांच्या हातात क्षणभर ताठ झाला. तिनं मान वळवली नाही. डोळे भरले होते, ते स्टेजवरच होते.

"शू," ती म्हणाली. "घरी बघते तुमच्याकडे. आत्ता तो सांगतोय तिला."

आणि मग तो काय सांगतो ते ऐकायला मिनिटरावही पुढे झुकले.